पेशीची दिशा आणि स्मृतीचा ऱ्हास

सजीवाच्या शरीरातील बहुतेक पेशी सर्व बाजूंनी सारख्या नसतात. आतड्याच्या अस्तरातील पेशीचे एक अंग पचलेल्या अन्नाकडे आणि दुसरे रक्तवाहिन्यांकडे असते, आणि ही दोन अंगे घडणीने वेगळी असल्यामुळेच अन्नरस एका बाजूने शोषला जाऊन दुसऱ्या बाजूने रक्तात पोहोचतो. जखमेकडे सरकणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीला पुढची आणि मागची बाजू असते. विभाजनाच्या बेतात असलेल्या कित्येक पेशींत काही द्रव्ये एका टोकाला, तर काही दुसऱ्या टोकाला जमतात आणि त्यामुळे त्यांच्यापासून होणाऱ्या दोन पेशींचे भवितव्य जन्मापासूनच निराळे ठरते. पेशीच्या अंगी असलेल्या या दिशाभानाला जीवशास्त्रात पेशीध्रुवता म्हणतात. ती राखणाऱ्या जनुकांपैकी पार-१ नावाच्या एका जनुकाचा शोध कृमीच्या अंड्यात लागला, त्याच जनुकाचे मानवी भाईबंद पुढे मेंदूतील पेशींना आकार देताना आढळले आणि अखेर अल्झायमरच्या आजारात चेतापेशींची जी पडझड होते तिच्या ऐन मध्यावर त्यांचे नाव आले. हा प्रवास समजून घेण्यासारखा आहे, कारण मेंदूचे काही आजार म्हणजे पेशीच्या रोजच्याच कामाचे बिघडलेले प्रमाण असते, ही गोष्ट तो फार स्पष्टपणे दाखवतो.

ध्रुवतेचे सर्वांत टोकाचे उदाहरण म्हणजे चेतापेशी. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतील बहुतेक प्रत्येकीची ठेवण दोन तऱ्हेच्या तंतूंनी बनलेली असते. आखूड, बारीक फांद्यांसारख्या फुटणाऱ्या वृक्षिका इतर पेशींकडून आलेले संदेश स्वीकारतात आणि एकच लांब अक्षतंतू तो संदेश पुढे नेतो. कण्याच्या खालच्या भागातून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा अक्षतंतू प्रौढ माणसात सुमारे एक मीटर लांबीचा असतो, मात्र ज्या पेशीतून तो निघतो तिचे मुख्य शरीर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून मोठे नसते. या तंतूच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने पेशीच्या शरीरातच तयार होतात आणि तंतूतून वाहून न्यावी लागतात. सर्वांत वेगवान वाहतूकसुद्धा दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर एवढेच अंतर कापते, म्हणजे कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत माल पोहोचण्यास दोन-अडीच दिवस लागतात. कोणता माल अक्षतंतूत पाठवायचा आणि कोणता वृक्षिकांत, याची निवड आयुष्यभर अचूक होत राहिली तरच अशी पेशी टिकते. सत्तर-ऐंशी वर्षे जगणाऱ्या माणसाच्या बहुतेक चेतापेशी जन्मापासून त्याच असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीवर किती भार आहे याची कल्पना येते.

पार जनुकांचा शोध घेणाऱ्यांच्या मनात मेंदू नव्हता. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केनेथ केम्फ्यूज आणि त्यांचे सहकारी सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीवर काम करत होते. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा पारदर्शक कृमी मातीत जीवाणू खाऊन जगतो, आणि सिडनी ब्रेनर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणल्यापासून त्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीचा जन्मक्रम लिहून काढला गेला आहे. उभयलिंगी कृमीत ९५९ कायिक पेशी असतात आणि त्यांपैकी ३०२ चेतापेशी आहेत. त्याचे फलित अंडे सुमारे ५० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढे लांब असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पहिले विभाजन अखंड पाहता येते. शुक्राणू अंड्यात ज्या टोकाकडे असतो ते टोक भावी कृमीचे शेपटीकडचे टोक ठरते. त्यानंतर अंड्याच्या पृष्ठभागालगतचा आकुंचनशील थर डोक्याकडच्या बाजूला ओढला जातो, त्याच्याबरोबर काही प्रथिने पुढे वाहत जातात आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत दुसऱ्या गटाची प्रथिने स्थिरावतात. एरवी अंडभर विखुरलेले काही सूक्ष्म कण आता केवळ मागच्या अर्ध्या भागात गोळा होतात. हेच कण पुढे प्रजननपेशी होणाऱ्या वंशात जातात. मग अंडे मधोमध न कापले जाता किंचित मागे कापले जाते, पुढे मोठी आणि मागे लहान अशा दोन पेशी होतात, आणि मोठी पेशी लहानीच्या आधी पुन्हा विभागते. कृमीचे डोके कोठे आणि शेपूट कोठे, हा प्रश्न एवढ्या अवधीत सुटलेला असतो.

केम्फ्यूज यांनी असे कृमी शोधले, ज्यांच्या अंड्यांत हा विषमपणाच नाहीसा होत असे. असा उभयलिंगी कृमी स्वतः धडधाकट दिसे, पण त्याच्या अंड्यांतील दोन पेशी जवळजवळ सारख्या आकाराच्या होत, एकाच वेळी विभागत, कण दोन्हीकडे वाटले जात आणि भ्रूण पेशींचा आकारहीन गोळा होऊन मरून जाई. १९८८ मध्ये या गटाने अशी बिघडलेली जनुके प्रसिद्ध केली आणि वाटणीतील या दोषावरून त्यांना पार हे नाव व क्रमांक मिळाले. कालांतराने सहा पार जनुके माहीत झाली आणि त्यांच्यातील कामाची विभागणीही उलगडत गेली. पार-३ आणि पार-६ ही प्रथिने एका कायनेजच्या सोबतीने अंड्याच्या पुढच्या बाजूला राहतात, पार-१ आणि पार-२ मागच्या बाजूला, आणि हे दोन गट एकमेकांना आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर नेमक्या जागी फॉस्फेटचा लहानसा गट चिकटवणारे विकर. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे तो चिकटताच प्रथिनाची ठेवण, त्याची पकड आणि त्याचा मुक्काम बदलू शकतो. पार-१ हे स्वतःही एक कायनेजच आहे, आणि पुढच्या बाजूचा कायनेज पार-१ वर फॉस्फेट चिकटवून त्याला तेथून हुसकावतो.

पार-१ हे जनुक नेमके ओळखण्याचे काम केम्फ्यूज यांच्या प्रयोगशाळेत सू गुओ यांनी केले आणि १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या कामातील एक निरीक्षण या लेखाच्या विषयाशी थेट संबंधित नसले तरी ते वगळणे अन्यायाचे होईल. जनुकाचा संदेश दाबण्यासाठी त्यांनी कृमीत संदेशाला पूरक असा आरएनए टोचला आणि अपेक्षेप्रमाणे अंडी बिघडली. परंतु तुलनेसाठी टोचलेला, ज्याचा काहीच परिणाम व्हायला नको होता असा सरळ आरएनएसुद्धा तोच बिघाड घडवत होता. ही विसंगती त्यांनी लपवली नाही, शोधनिबंधात जशीच्या तशी नोंदवली. तिचे उत्तर शोधताना अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना १९९८ मध्ये दुहेरी धाग्याच्या आरएनएने जनुके गप्प करण्याची यंत्रणा सापडली, तिच्यासाठी त्यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि २०१८ मध्ये त्या तत्त्वावरचे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. एका कृमीच्या अंड्यातील वाटणीचा अभ्यास करताना हे सगळे हाती आले, आणि मूलभूत संशोधनाला उपयोगाचा दाखला आधीच मागणाऱ्यांनी हा इतिहास वाचायला हवा.

साधारण याच काळात जर्मनीत हॅम्बुर्ग येथे एकहार्ट आणि एव्हा-मारिया मांडेलकॉव हे संशोधक दांपत्य वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. पेशीच्या आत प्रथिनांच्या पोकळ, सरळ, लांब नळ्या असतात, त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. अक्षतंतूत त्या समांतर जुड्यांनी मांडलेल्या असतात, वाहतूक करणारी प्रथिने त्यांच्यावरूनच चालतात. या नलिकांना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे टाउ, जे मार्क किर्श्नर यांच्या प्रयोगशाळेत १९७५ मध्ये सापडले. इमारतीच्या परांचीत बांबूंना जे स्थान तेच अक्षतंतूत सूक्ष्मनलिकांना आणि बांबू आवळणाऱ्या काथ्याला जे स्थान तेच साधारणपणे टाउला आहे. माणसाच्या मेंदूत टाउची सहा रूपे असतात, सर्वांत लांब रूप ४४१ अमिनो आम्लांचे आहे आणि त्याच्या उत्तरार्धात नलिकेला चिकटणारे चार सारखे पट्टे आहेत. हॅम्बुर्गच्या गटाने १९९३ मध्ये दाखवले की या पट्ट्यांतील २६२ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसला की टाउची नलिकेवरची पकड लक्षणीय ढिली होते. मग हा फॉस्फेट बसवणारे विकर मेंदूच्या ऊतीतून शुद्ध करण्यात आले, १९९७ मध्ये त्याची पूर्ण ओळख पटली आणि त्याला मार्क असे नाव देण्यात आले. त्याचा अमिनो आम्लांचा क्रम तपासला तेव्हा ते कृमीच्या पार-१ चे जवळचे नातलग निघाले. अंड्याचे शेपटीकडचे टोक राखणारे प्रथिन आणि मेंदूत टाउची पकड सोडवणारे विकर ही एकाच घराण्यातली होती.

हे घराणे फार जुने आहे. यीस्टमध्ये, फळमाशीत, उंदरात आणि माणसात त्याचे सदस्य आढळतात, आणि जेथे एक कृमी एका पार-१ वर भागवतो तेथे माणसात मार्क-१ ते मार्क-४ अशी चार जनुके आहेत. ती सर्व मेंदूत कमी-अधिक प्रमाणात काम करतात, पण केवळ मेंदूतच नव्हे. मूत्रपिंड, यकृत आणि आतडे यांच्या अस्तरपेशींनाही त्यांची गरज असते. उंदरांत मार्क-२ आणि मार्क-३ ही दोन्ही जनुके एकाच वेळी काढून टाकली तर पिल्ले गर्भातच दगावतात, एक काढले तर दुसरे बरेचसे भागवून नेते. ही परस्परपूर्ती संशोधकांसाठी मोठी अडचण आहे, कारण एकेका जनुकाचे खरे काम त्यामुळे झाकले जाते.

चेतापेशीत दिशा कशी ठरते याचे उत्कृष्ट चित्र गॅरी बँकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये रेखाटले. स्मृतीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातून उंदीरवर्गीय भ्रूणाच्या चेतापेशी काढून त्यांनी काचेवर वाढवल्या. पेशी काचेला चिकटते तेव्हा ती गोल असते आणि तिच्याभोवती पातळ झालर असते; अर्ध्या दिवसात तिला चार-पाच आखूड तंतू फुटतात, सगळे सारखे, आणि त्यांतला कोणता अक्षतंतू होणार हे पाहून सांगता येत नाही. काही काळ ते आळीपाळीने थोडे वाढतात, थोडे आखडतात. सुमारे दीड दिवसानंतर त्यांतला एक अचानक झपाट्याने लांबू लागतो आणि बाकीचे थबकतात. तोच अक्षतंतू, उरलेल्या वृक्षिका. पुढच्याच वर्षी याच प्रयोगशाळेने नव्याने वाढणारा अक्षतंतू कापून इतरांच्या लांबीएवढा केला, तेव्हा काही पेशींत वृक्षिका व्हायला निघालेल्या दुसऱ्याच तंतूने अक्षतंतूची जागा घेतली. निवड सुरुवातीला पक्की नसते आणि एकदा झाल्यावर इतर तंतूंना ती रोखून धरते, हे यातून कळले, पण रोखणारे रेणू कोणते हे कळायला आणखी पंधरा-वीस वर्षे जावी लागली.

२००३ मध्ये असे दिसले की कृमीच्या अंड्यात पुढच्या बाजूला राहणारी पार-३ आणि पार-६ ही प्रथिने चेतापेशीत नेमकी भावी अक्षतंतूच्या टोकाशी गोळा होतात आणि ती सर्वत्र पसरवली तर पेशीची दिशाच चुकते. २००६ मध्ये याच साखळीची पुढची कडी सापडली. पार-३, पार-६ आणि त्यांच्या सोबतचा कायनेज हे त्रिकूट मार्क-२ वर फॉस्फेट चिकटवून त्याला निष्क्रिय करते. ज्या तंतूत हे त्रिकूट जमते तेथे मार्क-२ गप्प राहते, टाउ नलिकांना घट्ट धरून राहते, नलिका टिकतात आणि तंतू लांबतो. उरलेल्या तंतूंत मार्क-२ जागे असते आणि नलिकांना फार काळ स्थिर राहू देत नाही. कृमीच्या अंड्यात जी दोन गटांची हद्दबंदी होती, तीच येथे एका पेशीच्या वेगवेगळ्या तंतूंमध्ये मांडलेली दिसते. आणखी एक दुवा पार-४ चा आहे. त्याचा मानवी नातलग एलकेबी-१ हा मार्क कुळाला जागे करणारा कायनेज आहे, आणि उंदराच्या मेंदूच्या बाह्यकातून तो काढून टाकला तर तेथील चेतापेशींना अक्षतंतूच फुटत नाहीत, असे २००७ मध्ये दाखवले गेले. मार्क-२ चे प्रमाण घटवले तर गर्भाच्या मेंदूत चेतापेशींचे स्थलांतरही अडते, कारण अनेक बाजूंना फुटलेले तंतू आवरून एका दिशेने सरकण्याचा टप्पा त्यांना पार करता येत नाही. मार्क ज्या प्रथिनांवर काम करते त्यांत डबलकॉर्टिनही आहे, आणि त्याच्या जनुकात दोष असलेल्या मुलांच्या मेंदूचा पृष्ठभाग घड्यांशिवाय सपाट राहतो व त्यांना अपस्मार आणि बौद्धिक अक्षमता भोगावी लागते.

आता आजाराकडे येता येईल. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगन येथील सभेत एका रुग्ण महिलेच्या मेंदूचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी पेशींच्या बाहेरचे साठे आणि पेशींच्या आतला धाग्यांचा गुंता अशा दोन गोष्टी नोंदवल्या. बाहेरचे साठे अमायलॉईड या प्रथिनखंडाचे असतात, तर आतला गुंता मुख्यतः टाउचा असतो हे १९८० च्या दशकाच्या मध्यावर सिद्ध झाले. गुंत्यातील टाउवर फॉस्फेटची संख्या नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असते. टाउ हे निव्वळ साक्षीदार नाही याची खात्री १९९८ मध्ये झाली, कारण त्या वर्षी १७ व्या गुणसूत्रावरील टाउच्या जनुकातच दोष असलेली कुटुंबे सापडली आणि त्यांतील व्यक्तींना अमायलॉईडचे साठे नसतानाही स्मृतिभ्रंश होत होता. जगभरात आज साडेपाच कोटींहून अधिक लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत आणि त्यांतील बहुसंख्यांचे कारण अल्झायमर आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे.

टाउवर फॉस्फेट बसू शकेल अशा जागा ऐंशीच्या घरात आहेत आणि ते बसवणारे कायनेजही अनेक. यांत मार्कला एवढे महत्त्व का मिळाले, याचे कारण फळमाशीच्या डोळ्यात आहे. माशीचा डोळा सुमारे ८०० लहान षट्कोनी भिंगांनी बनलेला असतो आणि ती इतक्या काटेकोर रांगांत बसलेली असतात की त्यातील चेतापेशी मरू लागल्या तर रांगा लगेच विस्कटतात. माशीच्या डोळ्यात मानवी टाउ तयार करवले की डोळा लहान आणि खडबडीत होतो. बिंगवेई लू यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये अशा माशांत पार-१ चे प्रमाण वाढवले तेव्हा डोळा आणखी बिघडला, पार-१ कमी केले तेव्हा बिघाड बराच कमी झाला. त्यानंतर त्यांनी टाउतील २६२ आणि ३५६ या क्रमांकांची सेरीन बदलून तेथे फॉस्फेट बसणारच नाही अशी तजवीज केली, आणि त्या टाउची विषारीपणाची धार गेली. सर्वांत मोलाचे निरीक्षण पुढचे होते: या दोन जागा रिकाम्या राहिल्या की इतर कायनेज आपापल्या जागी फॉस्फेट नीट बसवू शकत नव्हते. म्हणजे फॉस्फेटच्या साखळीला क्रम होता आणि तिची सुरुवात पार-१ करत होते. पुढे काही प्रयोगशाळांना टाउचा विषारीपणा केवळ फॉस्फेटवर अवलंबून नसल्याचेही दिसले, त्यामुळे हे उत्तर अंतिम मानता येत नाही, तरी साखळीचे पहिले टोक सापडले हे खरे.

अमायलॉईड आणि टाउ यांचा परस्परसंबंध हा अल्झायमरच्या संशोधनातला जुना पेच आहे. अमायलॉईडचे साठे आधी दिसतात, पण स्मृतीचा ऱ्हास टाउच्या फैलावाबरोबर चालतो. २०१२ मध्ये लू यांच्या गटाने उंदीरवर्गीयांच्या चेतापेशींवर केलेल्या कामातून दाखवले की अमायलॉईडच्या संपर्काने वृक्षिकांवरील सूक्ष्म कोंब, जेथे दोन चेतापेशींची संधी होते, गळू लागतात आणि मार्कला अडवले किंवा टाउवरील २६२ ची जागा बंद केली तर ही गळती रोखता येते. टाउची खरी जागा अक्षतंतूत; वृक्षिकांत ते फारच थोडे असायला हवे. आजारात ते वृक्षिकांत साचते. अक्षतंतू आणि वृक्षिका यांच्यातला भेद, जो गर्भावस्थेत पार प्रथिनांनी उभा केला, तो म्हातारपणी पुसट होऊ लागतो, असे या निष्कर्षांवरून म्हणता येते.

एवढ्यावरून मार्कला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. १९९९ मध्ये हॅम्बुर्गच्याच गटाने परीक्षानळीत दाखवले की २६२ वर फॉस्फेट असलेले टाउ नलिकेवरून सुटते खरे, पण ते एकमेकांना चिकटून धागे तयार करण्यास कमी तयार असते. म्हणजे जो बदल पकड सोडवतो तोच गुंता होण्यापासून काही अंशी वाचवतोही. २००४ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अक्षतंतूत टाउ गरजेपेक्षा जास्त झाले तर नलिकांवर दाटी होते, वाहतूक करणारी प्रथिने अडतात आणि टोकापर्यंत माल पोहोचत नाही. अशा वेळी मार्क टाउला नलिकेवरून उतरवून वाट मोकळी करते. वाट साफ करणारे हेच विकर बेसुमार झाले तर नलिकाच ढासळतात. गर्भातील निरोगी मेंदूत टाउवर भरपूर फॉस्फेट असतात, कारण तेव्हा नलिकांची मांडणी बदलती असणे गरजेचे असते. हिवाळ्यात दीर्घ निद्रा घेणाऱ्या युरोपीय भूचर खारींच्या मेंदूतही निद्राकाळात टाउवर अल्झायमरसारखेच फॉस्फेट चढतात आणि जाग येताच उतरतात, हे २००३ मध्ये नोंदवले गेले. फॉस्फेट चढणे हा मेंदूच्या नेहमीच्या व्यवहाराचा भाग आहे, आजार सुरू होतो तो ते उतरेनासे होतात तेथे. प्रस्तुत विषयावरील बरेचसे लोकप्रिय लेखन हा फरक गाळून टाकते, आणि औषधाबद्दलच्या भाबड्या अपेक्षा तेथूनच जन्माला येतात.

माणसांतील पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत गुंत्यांच्या आसपास मार्क कुळातील प्रथिने आढळतात. लवकर वयात आजार झालेल्या एका रुग्णात मार्क-४ च्या जनुकात आई-वडिलांत नसलेला नवा बदल आढळल्याचे २०१५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी नोंदवले, आणि पुढे जपानमधील प्रयोगांत या बदललेल्या मार्क-४ मुळे माशीतील टाउ अधिक साचत असल्याचे दिसले. मार्क-४ चे जनुक १९ व्या गुणसूत्रावर एपीओई या जनुकाच्या जवळ आहे, आणि एपीओईचे एक रूप हा उतारवयातील अल्झायमरचा सर्वांत प्रबळ आनुवंशिक धोका मानला जातो; त्यामुळे मोठ्या जनसमूहांच्या पाहणीत मार्क-४ चा संबंध दिसला तरी तो शेजाऱ्याच्या प्रभावामुळे नाही ना, हे तपासावेच लागते. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, मार्क-२ ची एक प्रत निकामी झालेल्या मुलांत स्वमग्नता आणि विकासातील विलंब आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच घराण्यातील जनुक कमी पडले तर बालपणी आणि जास्त झाले तर म्हातारपणी मेंदूवर ओढवू शकते, असा हा विलक्षण जोड आहे.

कृमी आणि माशी यांच्या चेतापेशींवरील संशोधनाची परंपरा मुंबईतही आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला आणि पुढे फळमाशीच्या चेतासंस्थेच्या आनुवंशिक अभ्यासाला भारतात पाया दिला. त्याच संस्थेत संध्या कौशिका यांचा गट सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्सच्या अक्षतंतूंतील मालवाहतुकीचा अभ्यास करतो. ज्या प्रश्नावर अल्झायमरचे बरेच काही अवलंबून आहे, तो प्रश्न पारदर्शक कृमीच्या जिवंत शरीरात डोळ्यांनी पाहता येतो, आणि महाराष्ट्रातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे काम आपल्याच राज्यात चालते याची माहिती असायला हवी.

औषधाच्या बाजूने पाहता आजवर मान्य झालेली, आजाराच्या मुळाशी हात घालणारी औषधे अमायलॉईडवर काम करणारी आहेत. त्यांतील लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांत १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग त्याने २७ टक्क्यांनी कमी केला, आजार थांबवला नाही, आणि मेंदूत सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यासोबत येतो. मार्कला अडवणारी रसायने प्रयोगशाळांत तयार झाली आहेत, परंतु एकही औषध म्हणून मान्य झालेले नाही. चारही मार्कमधील क्रिया करणारा भाग जवळजवळ सारखाच असल्यामुळे मार्क-४ ला अडवताना बाकीच्या तिघांना न दुखवणे कठीण आहे. त्यांची गरज आतड्याला, मूत्रपिंडाला आणि प्रतिकारयंत्रणेलाही आहे. शिवाय आजाराच्या कोणत्या टप्प्यात मार्क घातक असते आणि कोणत्या टप्प्यात उपकारक, हे ठरल्याशिवाय ते अडवणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल. रुग्णाच्या टाउची स्थिती मोजण्याची सोय मात्र झपाट्याने सुधारत आहे. टाउच्या २१७ या जागेवरील फॉस्फेट रक्तातून मोजून अल्झायमरचे निदान करण्यास मदत करणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली, आणि ती ५५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या, स्मृतीची लक्षणे दिसू लागलेल्या व्यक्तींसाठी आहे. ही जागा मार्कची नव्हे, इतर कायनेजची आहे, हे येथे नमूद करायला हवे.

घरातील वडीलधाऱ्यांच्या विसराळूपणाची काळजी असलेल्या वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नेहमीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे किंवा पैशांचे व्यवहार न जमणे ही वयाची स्वाभाविक लक्षणे समजून सोडून देऊ नयेत, कारण थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांसारखी उपचार होऊ शकणारी कारणेही त्यामागे असू शकतात आणि ती डॉक्टरांच्या तपासणीतच कळतात. आणि टाउ किंवा जनुके दुरुस्त करून स्मृती परत आणण्याचे आश्वासन देणारी कोणतीही गोळी, चूर्ण किंवा टॉनिक आज बाजारात विकले जात असेल, तर त्यावर पैसे खर्च करू नयेत.